दात साफ करायची भीती

"गुरुजी, मशीन लावली की दात ढिले होतात म्हणे!" असे भंडाऱ्याकडे आम्ही फार ऐकले. त्या भीतीने आम्हीही दोन वर्षे टाळले. खर्रा खात नव्हतो, पण पान सुटत नव्हते. हिरडीतून रक्त येऊ लागले, तेव्हा बस धरली आणि नागपूरच्या सरकारी दंत महाविद्यालयात गेलो.

खुर्चीवर बसताच तळहाताला घाम फुटला. आम्ही सरळ सांगितले, "बाई, भीती वाटते." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुखले की हात वर करा, मी थांबते." दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा त्या थांबल्या. तिसऱ्यांदा गरज पडली नाही.

मशीनचे टोक दात कापत नाही. ते फार वेगाने थरथरते, म्हणून दगडासारखे किटण सुटते. पाणी उडते ते टोक गार ठेवायला. आवाज मात्र कर्कश. आम्हाला भीती त्याचीच जास्त होती.

मग दात ढिले का वाटतात? किटण दातांच्या फटीत भरलेले असते. ते निघाले की फट उघडी पडते, जिभेला लागते. खरे तर किटण राहिले तर हिरडी सुजते, आतले हाड झिजते, आणि दात हलतो तो त्याने.

काही दिवस गार पाणी झोंबते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.