घरी बांधलेल्या गाडीला चेसिस नंबर कोण देतो?

फॅब्रिकेशनचा धंदा करणाऱ्या किंवा सुरू करू पाहणाऱ्या तरुणांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, चेसिस मी स्वतः वेल्ड केली, इंजिन बसवलं, गाडी पळते. आता नंबर पंच केला की पासिंग होईल ना?" नाही होणार. पण कारण नीट समजून घ्या, कारण यात गिऱ्हाइकाचे पैसे अडकतात आणि तुमचं नावही.

देवराष्ट्रेची गोष्ट आठवते का? सांगली जिल्ह्यातल्या या गावात एका कारागिराने भंगारातले भाग जोडून किकवर सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं, पण सोबत हेही सांगितलं की गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या यंत्रणा ती थांबवेल. बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि पुढच्या महिन्यात दिलीसुद्धा. कौशल्य शंभर नंबरी होतं. पण त्या चेसिसमागे कोणाची नोंद नव्हती, आणि नोंद हातोडीने तयार होत नाही.

कारखान्यातून येणाऱ्या गाडीचा नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो. पहिली तीन जागा बनवणाऱ्याची ओळख: महिंद्राची एमए१, मारुतीची एमए३, टाटाची एमएटी. हा कोड कंपनीला मिळालेला असतो, कोणी मनाने ठरवलेला नसतो. थोड्याच गाड्या बनवणाऱ्याच्या कोडमध्ये तिसऱ्या जागी ९ येतो आणि त्याची खरी ओळख पुढे बाराव्या ते चौदाव्या जागेत असते. आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२२ चेसिसवर नंबर उमटवायला सांगतो, पण त्याच्या जोडीला नियम १२६ आहे: गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेकडून तपासून घ्यायचा. म्हणजे आधी मंजुरी, मग पंच. आपली मुलं उलट्या क्रमाने जातात.

ब्रिटनमधले व्हिडिओ बघून गोंधळ वाढतो. तिथे घरी बांधलेल्या एकट्या गाडीचीही तपासणी होते, सरकारी खातं पत्राने नंबर देतं आणि मालक तो चेसिसवर ठोकतो. व्हिडिओत फक्त ठोकणं दिसतं, पत्र दिसत नाही.

आता सगळ्यात धोक्याचा "जुगाड". जुन्या जीपची आरसी घ्यायची, तिच्या चेसिसचा नंबर असलेला तुकडा कापायचा आणि नव्या फ्रेमवर वेल्ड करायचा. कोणी कितीही पैसे देवो, हे काम घेऊ नका. गाडी चोरीची आहे का हे बघताना पोलीस आधी चेसिस नंबर बघतात, आणि त्याच्या भोवती वेल्डची रेघ दिसली की तुम्ही संशयित. मूळ कंपनीच्या रचनेविरुद्ध बदल केलेल्या गाडीची नोंदणी चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. जुना नंबर गंजून पुसट झाला असेल तर आरटीओची परवानगी काढून री-पंचिंग होतं. तो रस्ता सरळ आहे.

मग घरी चेसिस बांधणाऱ्याने काहीच मार्क करायचं नाही का? करायचं. कारखान्याच्या आवारात किंवा बंदिस्त जागेत चालण्यासाठीच बनवलेलं खास वाहन मोटार वाहनाच्या व्याख्येत येत नाही. अशा बग्गीची ऑर्डर तुम्ही घेऊ शकता. (पर्यटक येतात-जातात त्या जागेचं काम असेल तर आधी वकिलाला विचारा, "खाजगी जागा" हा शब्द तिथे पुरत नाही.) तिच्यावर तुमचा स्वतःचा अनुक्रमांक हवा: दुकानाची दोन अक्षरं, वर्ष, आणि पुढे ००१, ००२. मुद्दाम आखूड ठेवा. १७ जागांचा नंबर करू नका, कोणाला तो खरा वाटायला नको.

पंच करायची पद्धत व्हिडिओत दाखवली आहे, तरी थोडक्यात सांगतो. दुकानात पंचचा सेट न्यायला येणारे बहुतेक जण आकड्यांचा नेतात आणि अक्षरांचा विसरतात. दोन्ही लागतात, ८ मिमी घ्या. जागा निवडा उजव्या बाजूच्या मुख्य मेंबरवर, पुढच्या भागात, बोल्टने सुटणाऱ्या पार्टवर कधीच नाही. रंगाच्या आधी, पण सगळं वेल्डिंग झाल्यावर. गंज घासून पत्रा उघडा करा. सरळ रेघेसाठी एक फ्लॅट पट्टी क्लॅम्प करा आणि पंच तिला टेकवून सरकवत न्या. प्रत्येक अक्षराला एकच ठाम घाव. दुसऱ्या घावाला पंच हलतो आणि ३ चा ८ दिसायला लागतो. चौकोनी पाईपची भिंत २ मिमी असेल तर ती आत दबते, म्हणून तिथे ६ मिमीची पट्टी सगळीकडून वेल्ड करून तिच्यावर पंच करा. गॉगल घालाच, पंचची टिकली उडते. आधी भंगार पट्टीवर पूर्ण नंबर एकदा ठोकून बघा. चुकला तर ग्राइंडर लावू नका. त्याच्यावर आडवी रेघ मारून खाली पुन्हा ठोका आणि रजिस्टरमध्ये तसं लिहा.

मग कागद ठेवून पेन्सिल घासा, आरटीओच्या फॉर्मवर चेसिसचा छाप घेतात तसाच. तो छाप रजिस्टरमध्ये चिकटवा. बाजूला तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, इंजिन नंबर, ते इंजिन कोणाकडून घेतलं त्याची पावती, आणि तुमच्या वेल्डरचं नाव. तीन वर्षांनी जॉइंट तुटल्याची तक्रार आली तर ती गाडी तुमची होती की नाही, हे याच पानावर कळेल.

कोटेशनमध्ये एक ओळ ठळक टाका: "फक्त बंदिस्त जागेत वापरासाठी, नोंदणीयोग्य नाही." तिच्याखाली गिऱ्हाइकाची सही घ्या, आणि ॲडव्हान्स त्यानंतरच.