मीटरच्या पलीकडचं काम

"सर, इलेक्ट्रिशियनचा ट्रेड म्हणजे शेवटी खांबावरच चढायचं ना?"

दहावीच्या निकालानंतर भेटायला आलेल्या एका आईने हे विचारलं, तेव्हा मुलगा शेजारी मान खाली घालून बसला होता. खांबावर चढण्यात कमीपणा काही नाही, हे आधी सांगून टाकलं. मग मीच विचारलं, "ताई, तुमचं वीजबिल एवढं का येतं, हे कधी कुणी घरी येऊन समजावलंय?" त्या हसल्या. घरी येतात ते रीडिंग घ्यायला, नाहीतर वीज तोडायला.

वीज कंपनीचा माणूस मीटरपाशी थांबतो. घराच्या आत वीज कशी आणि कुठे जाते, हे शोधायचं काम म्हणजे घरगुती एनर्जी ऑडिट. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने मोठ्या वीज आणि गॅस कंपन्यांना ग्राहकांना अशी तपासणी देऊ करायला लावलं आणि त्यासाठी माणसं शिकवून तयार करावी लागली. तिथल्या ऑडिटरचा जीव दारं-खिडक्यांच्या फटी शोधण्यात जातो. आपल्याकडे फटींचं काय घेऊन बसलात. पंखा, फ्रीज, गिझर आणि पाण्याचा पंप बघायचा. पण आपला माल, म्हणजे वीजच, कमी खपावा असं वीज कंपनीला का वाटेल? कारण गर्दीच्या वेळची वीज तिलाच महागात पडते. म्हणून राज्य वीज नियामक आयोगाने 2010 मध्ये मागणी व्यवस्थापनाचे नियम केले आणि मुंबईतल्या कंपन्यांनी जुने पंखे, एसी बदलून देण्याच्या योजनाही चालवल्या.

कामाची चव कळावी म्हणून माझ्याच घरची गोष्ट सांगतो. एका रात्री फ्रीजसकट सगळी बटणं बंद केली आणि टॉर्च घेऊन मीटरसमोर उभा राहिलो. लाल दिवा तरीही लुकलुकत होता, मिनिटाला चार वेळा. मीटरवर छापलं होतं, 3200 लुकलुकींना एक युनिट. म्हणजे तासाला 240 लुकलुकी, 75 वॅट. कोण खातंय? भारनियमनाच्या काळात घेतलेला इन्व्हर्टर! बॅटरी म्हातारी झालेली, चार्ज धरत नव्हती आणि दिवसरात्र वीज ओढत होती. महिन्याला 54 युनिट. आमचं बिल 340 युनिटांचं. त्यातली वरची 40 युनिटं तीनशेच्या पुढच्या, महागड्या स्लॅबमधली. इन्व्हर्टर काढला आणि आम्ही तीनशेच्या आत आलो. बचत नेहमी वरच्या, महाग युनिटांतून होते, हे एकदा कळलं की बिल वाचायची नजरच बदलते.

हे गणित आठवीच्या मुलालाही जमेल. शिकवायला अवघड आहे ते उंबरा ओलांडणं. कंपनीचा माणूस घरात शिरला की लोकांना वाटतं, आकडा शोधायला आला. लाइनमनला वीजप्रवाह मोजायचा टाँग टेस्टर आठवड्यात शिकवता येतो. पण "आजी, गिझर आंघोळीच्या दहा मिनिटं आधी लावा, पहाटेपासून नको" हे तिचा अपमान न करता कसं सांगायचं, त्याला वेळ लागतो. साधा पंखा पंचाहत्तर वॅटचा, बीएलडीसी पंखा तीसेक वॅटचा. पण तो दिवसाचे किती तास फिरतो हे न विचारता "बदला" म्हणणारा ऑडिटर नव्हे, विक्रेता झाला.

आता पालकांचा खरा प्रश्न: नोकरी? 'घरगुती ऑडिटर पाहिजे' अशी जाहिरात रोज दिसणार नाही, आणि हमखास नोकरीचं आमिष दाखवणाऱ्या क्लासला पैसे भरू नका. ही पोटापाण्याच्या मूळ कामाला लागणारी जोड आहे. पाया आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड, नाहीतर इलेक्ट्रिकल डिप्लोमा, त्यावर अप्रेंटिसशिप. ऊर्जा दक्षता ब्युरोने, म्हणजे बीईईने, डिसेंबर 2021 मध्ये केरळच्या एनर्जी मॅनेजमेंट सेंटरसोबत घरगुती ऑडिटचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला. कारखान्यांच्या ऑडिटसाठी बीईईची प्रमाणित ऑडिटरची परीक्षा वेगळी. तिला पदवी किंवा पदविकेनंतर काही वर्षांचा अनुभव लागतो, तेव्हा बारावीतच तिच्या मागे लागू नका. दरम्यान फेब्रुवारी 2024 पासून सूर्यघर योजनेमुळे छपरांवर पॅनेल चढताहेत. घराचा लोड नीट मोजून किती किलोवॅट हवेत ते सांगणारा मुलगा तिथे उपयोगी पडतो. नुसते नट आवळणारे पुष्कळ आहेत.

मुलाने एव्हाना मान वर केली होती. "सर, आमच्या सोसायटीचा पंप रात्रभर चालतो. टाकी गळते म्हणून असेल का?" आईने पर्समधून घडी घातलेलं बिल काढलं. मागच्या महिन्यांच्या युनिटांचा तक्ता कुठे असतो, ते त्यानेच तिला बोट ठेवून दाखवलं.