मोटारसायकलीच्या काचेस हवेची झडप

वारा व धूळ लागूं नये म्हणून मोटारसायकलीस पुढें उंच काच बसवितात. परंतु वेग वाढला म्हणजे काचेमागील हवेचा दाब उतरतो, वरच्या कडेवरून आलेला वारा तेथें भोवरे करतो आणि स्वाराचें डोकें हालूं लागतें. नजर ठरत नाहीं व खड्डा उशिरां दिसतो. काचेच्या खालच्या भागीं झडप ठेवून थोडी हवा आंत घेतली, तर दाबांतील अंतर कमी होऊन हा त्रास पुष्कळ अंशीं घटतो.

ही काच बहुधा अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची असते. पैकीं अ‍ॅक्रिलिक लवकर तडकतें. काच उतरवून मागें लांकडी फळी घट्ट बांधावी, भोंकाच्या जागीं चिकटपट्टी लावावी आणि ड्रिल सावकाश, हलक्या हातानें चालवावें. जागा नजरेच्या रेषेखालीं निवडावी. कडा बारीक कानशीनें गुळगुळीत कराव्या. उन्हांत प्लॅस्टिक फुगतें, सबब स्क्रूचीं भोंकें किंचित् मोठीं ठेवून रबरी वायसर घालावे व स्क्रू बेतानेंच आवळावे. काच पेट्रोलनें पुसूं नये. तिला बारीक चिरा पडतात.

आम्हीं पहिल्या खेपेस भोंक चौकोनी कापलें. महिन्याभरांत एका कोपऱ्यापासून तडा निघाला तो वरपर्यंत गेला, व नव्या काचेचा भुर्दंड बसला. ताण कोपऱ्याशीं एकवटतो, हें आम्हांस तेव्हां उमगलें. दुसरें भोंक गोल केलें. तें अद्याप शाबूत आहे. वाचकांनीं आमच्या खर्चानें शहाणें व्हावें.