अनवाणी पद्धतीची धाव : पायाला सवय कशी लावावी?



या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी यांचा विचार करतो. आज विषय थोडा वेगळा आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुले-मुली पोलीस व सैन्यभरतीसाठी पहाटे धावतात. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. बाजारात आता पातळ, सपाट तळव्याचे बूट मिळतात. टाचेखाली गादी नसल्याने पाय जवळजवळ अनवाणीच पडतो. ‘याने वेग वाढतो’ असे कुणीतरी सांगते, पोरं एका दिवसात जुने बूट टाकतात आणि महिन्याभरात लंगडू लागतात. हे टाळता येते.

अनवाणी धावणे मुळात वाईट नाही. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत शेतकरी गडी अनवाणी धावताना सर दोराबजी टाटा यांनी पाहिले. त्यातून पुढे १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला आपले खेळाडू गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांनी १९६० साली रोमला अनवाणी मॅरेथॉन जिंकली आणि १९६४ साली टोकियोला बूट घालून पुन्हा जिंकली! म्हणजे शर्यत बूट जिंकत नाही, तयार झालेले पाय जिंकतात. बारामतीला नऊवारीत अनवाणी धावून जिंकलेल्या लताबाई करे २०२० च्या चित्रपटामुळे सर्वांना माहीत झाल्या. ते पायही शेतमजुरीत वर्षानुवर्षे कसलेले होते.

शास्त्र काय सांगते?

हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लिबरमन यांनी २०१० साली दाखवून दिले, की लहानपणापासून अनवाणी धावणारे बहुधा पावलाचा पुढचा किंवा मधला भाग आधी टेकवतात. त्यामुळे टाच आपटून बसणारा हिसका टळतो. पण तो भार नाहीसा होत नाही. तो पोटरीवर, टाचेमागच्या जाड शिरेवर व पावलाच्या बारीक हाडांवर येतो. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धावपटूंनी दहा आठवड्यांत पातळ बुटांची सवय करण्याचा प्रयत्न केला. त्यांतील निम्म्याहून अधिक जणांच्या पायाच्या हाडांत ताणाची सूज दिसली.

कारण सोपे आहे. दम काही आठवड्यांत वाढतो, हाड व शीर बळकट व्हायला महिने लागतात. पोराला वाटते, ‘मला दम आहे, धावू की!’ आणि पाय मात्र तयार नसतो.

जमिनीचाही फरक आहे. रानात औत ओढणाऱ्या बैलाला नालेची गरज फारशी भासत नाही. उसाची गाडी डांबरी रस्त्याने ओढायची तर नाल मारावीच लागते. आपली मुले माळशेज उतरून मुरबाडमार्गे शहाड-कल्याणकडे नोकरी-शिक्षणासाठी जातात. गावी मातीच्या गाडीवाटेवर धावलेला पाय शहाडला डांबर आणि काँक्रीटवर पडतो. ‘आम्ही लहानपणापासून अनवाणीच,’ हे खरे. पण रानात चालणे वेगळे आणि काँक्रीटवर धावणे वेगळे.

सवय अशी लावावी

१) पहिले दोन आठवडे पातळ बुटांत फक्त चालावे, रोज अर्धा तास. पायरीवर उभे राहून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम करावा.

२) तिसऱ्या आठवड्यापासून एक दिवसाआड ४०० मीटर पातळ बुटांत धावावे. बाकीची धाव जुन्या बुटांतच.

३) पुढे दर आठवड्याला साधारण २०० मीटर वाढवावे. पाय दुखला तर त्या आठवड्यात वाढ नाही.

४) पावले आखूड व भरभर टाकावीत. पाय शरीराखाली पडावा, फार पुढे नको. चवड्यावर उतरल्यावर टाचही हलके टेकू द्यावी. पावलाचा आवाज जितका कमी तितके बरे.

५) सुरुवात सपाट, स्वच्छ मैदानावर करावी. पूर्ण अनवाणी धावणाऱ्याने काच, खिळे, काटे पाहावेत व धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे.

पोटरी भरून येणे साहजिक आहे, दोन दिवसांत ती मोकळी होते. पण पावलावर बोट दाबून एकाच जागी कळ आली, किंवा टाचेमागची शीर सकाळी आखडू लागली, तर धावणे बंद करून डॉक्टरांना दाखवावे. हाडाला चीर गेली की सहा-आठ आठवडे बसून काढावे लागतात. तेवढ्यात भरती निघून जाते, आणि वयाची मर्यादा कुणासाठी थांबत नाही.

म्हणून भरती दोन-तीन महिन्यांवर आली असेल तर बूट बदलूच नयेत. पायाला सवय आहे त्यातच धावावे. ज्यांना साखरेचा आजार आहे अशा वडीलधाऱ्यांनी तर अनवाणी धावण्याच्या नादाला लागू नये. त्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते आणि जखम झालेली कळत नाही.

एक डोळ्याचे रोप आपण शेडनेटमधून काढून एकदम भर उन्हात लावत नाही. पाणी कमी करतो, थोडे थोडे ऊन दाखवतो, मगच लागण करतो. पोराच्या पायालाही तेवढीच सबुरी लागते. घरात कुणी धावत असेल तर त्याला हे वाचून दाखवावे.

— ऊस विकास अधिकारी