वनभूमीवरील ऊन-पाण्याचा ताळेबंद

उज्जैनचा परिसर स्कंदपुराणात ‘महाकालवन’ या नावाने ओळखला जातो. आज मात्र या जिल्ह्यातील वनाच्छादन एकूण क्षेत्रफळाच्या एक टक्काही नाही. 2016 च्या सिंहस्थात तर क्षिप्रेच्या घाटांवरील स्नानासाठी नर्मदेचे पाणी उपसून आणावे लागले. नदी आटण्यास वनांचा ऱ्हास हे एकमेव कारण नव्हे. भूजलाच्या उपशाचाही त्यात मोठा वाटा आहे. तथापि पावसाळा सरल्यावर नदी ज्या पाण्यावर वाहते, ते जमिनीत मुरते कसे, हे जाणून घ्यावयाचे तर वनाच्या तळाशी जावे लागते. माळव्याचे पठार आणि विदर्भ-मराठवाड्याचा बराच भाग एकाच प्रकारच्या काळ्या खडकाचा असल्याने हा विषय आपल्याही जिव्हाळ्याचा आहे.

उन्हाची वाटणी

सागाचे वन ऐन उन्हाळ्यात निष्पर्ण होते. छत्र नाहीसे होते, तेव्हाच सूर्य सर्वाधिक प्रखर असतो. अशा वेळी मातीचे रक्षण करतो तो गळून पडलेला पालापाचोळा. पानांच्या थरांत कोंडलेली हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने खालची माती कमी तापते व तिच्यातील ओल टिकते. पावसाळ्यात चित्र पालटते. एक चौरस मीटर भूमीवरून एक मिलिमीटर, म्हणजेच एक लिटर, पाण्याची वाफ होण्यास सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. एरवी हीच उष्णता माती व हवा तापविण्यात गेली असती. ओलसर वनात गारवा जाणवतो, त्याचे एक कारण हे होय.

पाण्याची वाटणी

हलक्या सरीचे पाणी पाने व पाचोळाच शोषून घेतात आणि ते वाफ होऊन परत जाते. वृक्षही आपला वाटा घेतात. म्हणजे वन हे पाणी फुकट देणारे भांडार नव्हे. परंतु मुसळधार पावसात पाचोळा ओघाचा वेग रोखतो. गांडुळे, वाळवी व कुजलेली मुळे यांनी केलेल्या पोकळ्यांतून पाणी खोल उतरते. उघडी काळी माती मात्र भिजताच फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पाणी वरूनच वाहून जाते.

वणव्याचे मोल

सागाच्या रुंद पानांवर साचलेले पाणी पावसाच्या थेंबांहून मोठ्या थेंबांनी खाली पडते. उंच झाडावरून पडणाऱ्या या थेंबांचा मारा पाचोळा झेलतो. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून पाचोळा पेटविला, तर तोच मारा उघड्या मातीवर बसतो. मातीची छिद्रे बुजतात व सुपीक थर वाहून जातो. वरकरणी झाडे उभीच दिसतात, पण त्यांच्या तळाचे कार्य थांबलेले असते.

म्हणून 15 फेब्रुवारी ते 15 जून या वणव्याच्या काळात जाळरेषा स्वच्छ राखणे आणि मोहाखालील पाचोळा न पेटविता झाडून बाजूस सारणे, ही कामे प्रत्येक वनालगतच्या गावाने आपली मानावीत. क्षिप्रेला नर्मदेचे पाणी देता आले, कारण नर्मदा वाहती होती. प्रत्येक नदीला अशी शेजारीण लाभेलच असे नाही.