वाकेरो आणि आमचा गुराखी

मेक्सिकोचा ‘वाकेरो’ म्हटला की रुंद काठाची टोपी, घोडा आणि फाशाची दोरी आपल्या डोळ्यांपुढे येते. पण स्पॅनिश भाषेत ‘वाका’ म्हणजे गाय. वाकेरो म्हणजे गुराखी. आमच्या पेडणे-डिचोलीकडे त्याला ‘राखणो’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘दनगाही’. धंदा एकच.

त्यांची विद्या मात्र निराळी. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोत गुरे नेली. अफाट माळरानावर ती अर्धरानटी झाली, तेव्हा त्यांना पकडावयास घोडा व फास लागला. १५२९ साली मेक्सिको शहरात ‘मेस्ता’ ही गुरेमालकांची संघटना निघाली आणि डागाच्या खुणेवरून मालकी ठरू लागली. आमच्या सड्यावर घोड्याचे काय काम? आमचा गुराखी पायीच फिरे. हाती काठी, आणि पळपुट्या गुराच्या गळ्यात लोढणे. सकाळी घरोघरची गुरे गोळा करावयाची, दुपारी गोठणीवर विसावा द्यावयाचा, दिवेलागणीला ज्याची त्याच्या गोठ्यात पोचवावयाची. कोणते गुरू कोणाचे, हे त्याला डागावाचून कळे.

१९१० च्या क्रांतीनंतर मेक्सिकोतील मोठ्या जमीनदाऱ्या मोडल्या. तेथील ‘चारो’ म्हणविणाऱ्या घोडेस्वारांनी १९२१ साली संघ स्थापून दोरीचे व स्वारीचे कसब नियमबद्ध खेळात बसविले. २०१६ साली युनेस्कोने त्यास मानवजातीच्या वारशात स्थान दिले. कसब टिकले खरे. परंतु मान मिळाला तो नक्षीदार पोशाखातल्या चारोला. मजुरीवर राबणारा वाकेरो मागेच राहिला.

इकडे डिचोलीचे डोंगर लोहखनिजासाठी खणले गेले. पेडण्यात मोपच्या सड्यावर २०२२ साली विमानतळाचे उद्घाटन झाले. चराऊ रान आटले, तसा गुराखीही दिसेनासा झाला. दिवाळीच्या पाडव्याला आम्ही गुरांना न्हाऊ घालतो, माळा घालतो, पोळे भरवितो. गुरे राखणाऱ्याची आठवण मात्र कोणी काढीत नाही.

मला वाटते, आपणांस मेक्सिकोसारखा खेळ उभारण्याची गरज नाही. कोणत्या महिन्यात कोठले गवत, पाणवठा कोठे, गोठणीचे नाव काय, गुरांना हाक कशी घालीत, हे सांगणारी वृद्ध माणसे अजून गावोगाव आहेत. विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुटीत वही घेऊन त्यांच्यापाशी बसा. आणि लिहाल तेव्हा कसबाबरोबर त्या माणसाचे नावही लिहा.