तरुण वयातील कादंबरी आणि प्रकाशनाचा करार

प्रश्न : सतरा वर्षांच्या लेखकाला आपली पहिली कादंबरी प्रकाशित करता येते का? वय आड येते का?

उत्तर : लेखनाला वयाची अट नाही, मात्र कराराला आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 नुसार अठरा वर्षांखालील, म्हणजे अज्ञान, व्यक्तीने केलेला करार कायद्याने टिकत नाही. त्यामुळे तो तिच्या वतीने पालकांनी करणे इष्ट ठरते. कॉपीराइट, म्हणजे कृतीची प्रत काढण्याचा व ती प्रकाशित करण्याचा अनन्य हक्क, सर्वसाधारणपणे प्रथम लेखकाचाच असतो, मग तो अज्ञान का असेना. हा हक्क सोपवताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते. म्हणून सही करण्यापूर्वी मुदत, मानधन आणि अनुवादाचे हक्क ही कलमे बारकाईने वाचावीत.

साहित्यदृष्ट्या पाहता कोवळे वय हे उणेपण नव्हे. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी 1963 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ते पंचविशीत होते. खानदेशातून पुण्यात शिकायला आलेल्या तिच्या नायकाचे, पांडुरंग सांगवीकराचे, वसतिगृहातील दिवस, त्याची रोजनिशी आणि धाकट्या बहिणीचा मृत्यू यांतून जे जग उभे राहिले, ते लेखकाच्या पिढीला जवळून ठाऊक असलेले होते. तरुण लेखकाचे खरे भांडवल हा निकटचा अनुभवच असल्याने हस्तलिखित पाठवण्याची घाई करण्यापेक्षा त्याचे कठोर पुनर्लेखन करणे अधिक हिताचे ठरते.